सोहारचा वडा-ब्रेड

"हे काय आहे?" मी विचारलं.

"वडापाव, सिस्टर. बॉम्बे स्पेशल."

मी पाव उघडून काउंटरवरच्या माणसाच्या नाकासमोर धरला. वड्यावर मेयोनीज थापलेलं, त्यावर कोबी, कोबीवर टोमॅटो सॉस. वडा बिचारा खाली कुठेतरी गुदमरून पडला होता. मी तो बशीत आदळला आणि माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत त्या माणसाला असं काही सुनावलं की आजूबाजूच्या लोकांचे घास तोंडाशीच थांबले. कुलसुम मात्र निवांत आपला पाव खात होती. मस्कतमध्ये आम्ही दोघी एकाच हॉस्पिटलात नर्स होतो, एकाच खोलीत राहत होतो. माझं तोंड सुटणं तिच्या अंगवळणी पडलं होतं.

"बस की आता," ती म्हणाली. "त्या गरिबानं कधी कोल्हापूर बघितलंय काय?"

"मग वडा कशाला विकतोय?"

"बोर्डावर बॉम्बे लिहिलंय. तुझं कोल्हापूर न्हाई लिहिलेलं."

कुलसुम मुजावर मिरजेची. मिरजेच्या लोकांना कोल्हापूरच्या लोकांची थट्टा केल्याशिवाय अन्न पचत नाही. आज आम्ही दोघी निवृत्त होऊन मिरजेतच शेजारीशेजारी राहतो. कोल्हापूर तिथून तासाभरावर आहे आणि माझ्या पगारातून उभं राहिलेलं दुमजली घर तिथल्या पेठेत आहे. मी तिकडे जात नाही. का जात नाही ते सांगायचं तर त्या मेयोनीजच्या वड्यापासूनच सुरुवात करावी लागते.

आमच्याकडे वडा पावात कोंबत नाहीत. पेटीपावाच्या दोन जाड स्लाईस, मध्ये मुठीएवढा वडा आणि वर तेलात कालवलेली लाल चटणी. चटणी म्हणजे पाट्यावरची ओली नव्हे. उन्हाळ्यात मिरची, कांदा, लसूण, खोबरं असं सगळं भाजून गिरणीच्या डंकावर कुटून आणतात ती, वर्षाची. या खाण्याला आम्ही वडा-ब्रेड म्हणतो. मुंबई-पुण्याची माणसं हसतात, ब्रेडला कसली आलीय चव म्हणतात. हसू देत. मस्कतला आल्यापासून मी सुट्टीच्या दिवशी हा वडा-ब्रेड शोधत फिरायचे आणि दर वेळी चिडून परत यायचे. आई दरसाल चटणी पाठवायची, ती खोलीत भातावर घालून खायचे. पण गाड्यावर उभं राहून खायची गोष्ट खोलीत होत नाही.

शेजारच्या टेबलावर एक ट्रकवाला बसला होता, चिपळूणचा. माझं भांडण त्याने पहिल्यापासून ऐकलं होतं.

"बाई, तुम्ही सोहारला जा," तो म्हणाला. "बंदराच्या रस्त्याला एक कॅफेटेरिया आहे. तिथं तुमच्याकडचा एक माणूस आहे, तो स्लाईसमध्येच वडा देतो. चटणी अशी की टाळू पेटते. आम्ही कोकणातले, आम्हाला झेपत नाही."

"नाव काय त्याचं?"

"नाव कोण विचारतंय? वडेवाला म्हणतो आम्ही."

पुढच्या शुक्रवारी कुलसुमने तिची जुनी गाडी काढली. सोहार म्हणजे मस्कतपासून समुद्राच्या कडेकडेने चांगला अडीच-तीन तासांचा रस्ता. एका वड्यासाठी एवढं पेट्रोल जाळणारी मीच पहिली असेन, असं ती वाटेत दोनदा म्हणाली. खजुरीच्या बागा मागे जात होत्या, आणि ती नेहमीप्रमाणे मूळ मुद्द्यावर आली.

"मालन, एक विचारू? त्या माणसावर अजून राग आहे?"

"मरेपर्यंत राहणार."

"आणि तो तिकडं खुशाल बायकापोरांत असंल."

"असू दे. माझा राग माझ्याजवळ."

तो माणूस म्हणजे दिनकर सरनाईक. कोल्हापुरात पेठापेठांत तालमी आहेत, तालमीतालमींच्या फुटबॉलच्या टीमा आहेत आणि मोसमात त्यांच्यावरून सख्खे शेजारी एकमेकांशी बोलत नाहीत. आमची चिंचेची तालीम, त्यांची घोडेवाली. माझा धाकटा भाऊ बाजी आमचा सेंटर फॉरवर्ड. दिनकर त्यांचा बॅक. आणि त्याच दिनकरशी माझा साखरपुडा झाला होता. मला तो आवडत होता, हे सांगायला आता कुणाची भीती नाही. फायनल झाली की लग्न लावा, तोवर दोघांना समोरासमोर आणू नका, अशी दोन्ही पेठांत थट्टा चालायची.

फायनललाच दिनकरचा बूट बाजीच्या गुडघ्यात गेला. मी गॅलरीत होते. हाड मोडल्याचा आवाज मला तिथपर्यंत ऐकू आला. एवढ्या आरडाओरड्यात ते शक्य नाही असं कुणी म्हटलं तर मी आजही भांडते. बाजी खेळाडू म्हणून पोलिसात भरती व्हायचा होता. ते गेलं. वाटी फुटली, पाय आखूड राहिला. वडील आधीच वारलेले, धाकटी शकू शाळेत. मी साखरपुड्याची साडी आणि अंगठी उचलली, सरनाईकांच्या दारात गेले आणि अख्खी गल्ली बघत असताना दोन्ही त्यांच्या उंबऱ्यावर टाकल्या. दिनकर घरात होता. बाहेर आला नाही. पुढे मला स्थळं आली ती मीच परतवली. मस्कतची नोकरी तर बाजी खाटेवर होता तेव्हाच मिळाली.

"अगं, राग त्याच्यावर हुता," कुलसुम म्हणाली. "बाकीच्या नवऱ्यांनी काय घोडं मारलं हुतं?"

"तू गाडी चालव."

कॅफेटेरिया अगदीच साधा होता. प्लॅस्टिकची टेबलं, भिंतीवर पंखा, बंदरावरच्या कामगारांची गर्दी. आम्ही दोन वडा-ब्रेड मागवले. स्लाईस जाड होती, वडा गरम होता, चटणीचं तेल ब्रेडमध्ये उतरून कडा लाल झाल्या होत्या. मी पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"तिखट लागलं?" कुलसुमने विचारलं.

"गप बस. खा."

तिखटाने मला कधी पाणी येत नाही. अर्धा वडा संपवला. मग काउंटरवरच्या माणसाला म्हणाले, "आत जो कोणी तळतोय ना, त्याला बाहेर बोलवा. मला त्याच्या पाया पडायचंय."

तो हात पुसत बाहेर आला. पोट सुटलं होतं, केस मागे गेले होते. पण उभं राहायची ढब तीच, दोन्ही पायांत अंतर ठेवून, समोरून कोणीतरी बॉल घेऊन येणार असल्यासारखी. दिनकर.

"मालन," तो म्हणाला. दचकला वगैरे नाही. "आलीस शेवटी."

लग्न ठरल्यावर मी त्याला 'अहो' म्हणायला लागले होते. त्या दिवशी तोंडातून थेट 'अरे' निघालं.

"अरे, लाज कशी वाटत न्हाई तुला माझं नाव घ्यायला? माझ्या भावाला जन्माचा लंगडा करून हितं वडं तळालायस व्हय? कुणाच्या तोंडानं हसालायस?"

"मी हसलो न्हाई."

"दारात आल्तो मी तवा बाहेर यायची छाती झाली न्हाई तुझी! आईच्या मागं लपलास! बाजी आजबी जिना चढताना कठड्याला धरतोय, ठाऊक हाय का तुला? तुझ्या बुटापायी!"

रागात आले की मीही पेठेतल्या बायकांसारखी 'आलो, गेलो' करत बोलते. कामगार बघायला लागले होते. कुलसुम माझा हात ओढत होती. दिनकर टेबलापाशी उभा होता. कुकरची शिट्टी होऊ द्यावी तसा तो माझं बोलणं होऊ देत होता, आणि त्याने मी अजून भडकले. जे जे त्याला एकदा ऐकवायचं म्हणून मी मनात घोळवत आले होते ते सगळं तिथे ओकले. मग दम लागला म्हणून थांबले.

त्याने खुर्ची ओढली आणि समोर बसला.

"झालं बोलून? मला वाटलं हुतं, राग सोडून आलीस. बाजी म्हणायचा, आक्का कधी तुझ्या दारात यायची न्हाई. म्हणून आज बघून बरं वाटलं."

"कोण म्हणायचा?"

"बाजी."

"कुठला बाजी?"

"कुठला म्हंजे? आपला बाजी. गेल्या आठवड्यात तर फोन झालाय. थंडीत गुडघा ठणकतोय म्हणाला, म्हणून मी हितनं मालीशचं तेल धाडलंय."

"खोटं बोलतोस."

"मी कशाला खोटं बोलू? माझ्या लग्नात बाजी पंगतीला वाढत हुता. लंगडत लंगडत जिलेबीचं ताट घेऊन फिरत हुता, बस म्हटलं तर बसंना."

कुलसुम म्हणाली, "अहो भाऊ, हे काय बोलताय?"

दिनकर उठून आत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात घडी घातलेलं एक कापड होतं. माझ्यासमोर ते त्याने टेबलावर पसरलं.

"ही बघ. औंदाची चटणी ह्यातनं आली. तुझी आई दरसाल धाडत्यात."

निळ्या काठाचं लुगड्याचं कापड होतं. आई चटणीचं गाठोडं सुतळीने बांधत नाही, जुन्या लुगड्यात घालून चारी बाजूंनी दाट टाका घालते. तिचा टाका जरा तिरका पडतो. तो टाका मी कुठेही ओळखेन. आणि ते लुगडंही मी ओळखलं, कारण त्याच निळ्या काठाचा दुसरा तुकडा माझ्या खोलीत ट्रंकेवर अंथरलेला होता. त्या वर्षीचं माझं गाठोडं त्यातून आलं होतं.

आमच्याकडे वर्षाची चटणी कुणी कुणाला देत नाही. शेजारणीने मागितली तरी वाटीभर देताना जिवावर येतं. घराबाहेर ती जाते फक्त सासरी नांदणाऱ्या लेकीकडे. आईने एका लुगड्याचे दोन तुकडे केले होते, एकात माझी चटणी शिवली होती आणि एकात दिनकर सरनाईकची. आणि मी मघाशी ज्या घासाला रडले होते तो कोल्हापूरचा घास नव्हताच. तो माझ्याच स्वयंपाकघरातला होता.

"किती वर्षं?" मी विचारलं.

"मी गल्फला आलो तवापास्नं. तुला सगळं सांगितलंय म्हणाला की बाजी. तू म्हणालीस, त्याचं तोंड बघणार न्हाई. म्हणून तर मी मस्कतला कधी पाऊल टाकलं न्हाई. तिकडं चांगलं काम मिळत हुतं, तरी न्हाई गेलो. बाजीनं शपथच घातल्ती, आक्काच्या वाटंला जायाचं न्हाई म्हणून."

"मला कुणी काही सांगितलेलं नाही."

आता त्याचा चेहरा उतरला. त्याने कापडाची परत घडी घालायला घेतली, पण ती काही नीट जमेना.

"आणि पाय?" मी म्हटलं. "पाय तू मोडलास की नाही?"

"ते त्यालाच इचार, मालन. मी माझ्या तोंडानं सांगणार न्हाई."

कुलसुमचा मोबाईल घेऊन मी मागच्या दाराने बाहेर गेले. गॅसच्या टाक्यांशेजारी उभी राहून घरचा नंबर लावला. बाजीनेच उचलला. मागे टीव्ही मोठ्याने चालू होता.

"बाजी, मी सोहारला आलेय. दिनकरच्या इथे."

टीव्हीचा आवाज बंद झाला. मग तो म्हणाला, "वडा खाल्लास?"

समोर असता तर मी त्याच्या कानाखाली ओढली असती.

"तुझा पाय कुणी मोडला?"

"आक्का, आता एवढ्या वर्सांनी ते..."

"कुणी मोडला?"

"मीच मारायला गेल्तो त्याला," तो म्हणाला. "रेफरी लांब हुता. त्याची नडगी फोडायची म्हणून मी उडी घातली. त्यानं नुसता पाय वर घेतला वाचवायला. माझा गुडघा जाऊन आपटला त्याच्या बुटावर. त्याची काय चूक न्हवती."

"तुला हे कधी कळलं?"

"कळायचं काय त्यात? पडल्या पडल्या ठाऊक हुतं."

"मग मी साडी टाकून आले तेव्हा का बोलला नाहीस?"

"तवा दवाखान्यात गुंगीत हुतो मी. शुद्धीवर आलो तर तू सगळं करून मोकळी. म्हटलं घरी गेल्यावर सांगू. मग घरी आलो तर तालमीची पोरं रोज येऊन बसायची, दिनकरला शिव्या घालायची. त्यांच्यापुढं कसं सांगायचं? पर सांगणार हुतो ग. आईची आण. आईला सांगितलंबी. ती म्हणाली, संध्याकाळी मालन आली की सांग. आणि त्याच दुपारी तुझी मस्कतची ऑर्डर आली. आईनं देवापुढं साखर ठिवली. मग मी गप बसलो."

"का?"

"का म्हंजे? मी खाटंवर. शकू शाळंत. तू दिनकरसंग संसाराला लागली असतीस तर आमी कुणाच्या तोंडाकडं बघायचं हुतं? तू रागात हुतीस तेच घराला बरं हुतं, आक्का."

त्याच्या आवाजात लबाडी नव्हती. भाजी महाग झाली म्हणून आमटीवर भागवलं, असं सांगावं तसं तो सांगत होता. बहीण रागात राहिली म्हणून भागलं. सुट्टीवर गेले की हाच बाजी मला सांगायचा, सरनाईकांच्या गल्लीतून जाऊ नको, तुझं डोकं फिरतं. मला वाटायचं, भावाला माझी किती काळजी.

"आईला दे."

आईने फोन घेतला. तिला सगळं ऐकू गेलं असणार, कारण ती आधीच रडत होती.

"आई, तू दिनकरला चटणी का पाठवत होतीस?"

"जिवाला लागून राहिलं हुतं ग. पोराची काय चूक न्हवती. बोल त्यानं खाल्लं, गाव त्यानं सोडलं. आपण त्याचं वाईट केलं, त्याची काय तरी भरपाई नको?"

"त्याचं वाईट केलंत. आणि माझं?"

आई रडायची थांबली. तिला खरोखरच प्रश्न कळला नव्हता. लहान मुलीची समजूत काढावी तशा आवाजात ती म्हणाली,

"अगं, तुला बी धाडते की चटणी."

मी फोन बंद केला. तो माझ्या हातून टाक्यांच्या मध्ये पडला आणि वाकून काढावा लागला. मला तेव्हा रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. आयुष्यभर मी ज्याला माझा राग म्हणत होते तो घरातल्यांनी चुलीतल्या विस्तवासारखा जपला होता, फुंकर घालून, विझू न देता. त्यावर शकूचं लग्न झालं, बाजीचं झालं, वरचा मजला चढला.

आत आले तेव्हा दिनकर तिथेच उभा होता. माझ्या बशीतला अर्धा वडा गार झाला होता. कुलसुमने माझ्याकडे एकदाच बघितलं आणि गाडीची किल्ली हातात घेतली.

"बोललीस काय त्याच्याशी?" दिनकरने विचारलं.

"बोलले."

"मग आता तुला सगळं कळलं न्हवं? माझी चूक न्हवती ते?"

"कळलं."

तो मोकळा झाला. इतक्या वर्षांचं ओझं उतरल्याचं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं, आणि खरं सांगते, तेही मला बघवलं नाही. त्याला बायको होती, पोरं होती, माझा भाऊ होता, माझी आई होती. आता माझ्याकडून सुटकाही मिळाली. त्याने बशी उचलली.

"दुसरा गरम देतो. बस," तो म्हणाला. "चला, राग तर गेला एकदाचा."

"गेला कुठला, दिनकर?" मी म्हटलं. "आत्ता कुठं आलाय."

त्याला वाटलं मी थट्टा करतेय. तो हसला आणि वडा तळायला आत गेला. तो बाहेर येण्याआधी आम्ही निघालो.